तळेगावात बनली, मेक्सिकोत धावली

मे २०१७ मध्ये जनरल मोटर्सने जाहीर केलं की वर्षाच्या अखेरीपासून भारतात शेवरोले गाड्या विकणं बंद. बातमी सगळ्यांनी वाचली, रिसेल व्हॅल्यूवर दोन दिवस चर्चा झाली आणि विषय संपला. पण त्याच बातमीत एक दुसरं वाक्य होतं, त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. तळेगावचा कारखाना बंद होणार नव्हता. तिथं गाड्या बनतच राहणार होत्या, फक्त त्या आपल्याला मिळणार नव्हत्या. सगळ्याच्या सगळ्या बाहेर जाणार.

म्हणजे बघा, २०१६-१७ या आर्थिक वर्षात जीएमने भारतात जेमतेम २५ हजार ८०० गाड्या विकल्या आणि निर्यात केल्या जवळजवळ ७१ हजार. आदल्या वर्षी निर्यात ३७ हजार होती, म्हणजे वर्षभरात दुपटीच्या आसपास. ज्या दुकानात गिऱ्हाईक फिरकत नाही त्याचा मालक शटर खाली ओढतो आणि मागच्या दाराने ठोक माल पाठवत राहतो, तसं काहीसं. यात बेकायदेशीर काही नाही, धंद्याच्या दृष्टीने चूकही नाही. तरी पण मला ते टोचतं. का टोचतं हे शोधायला म्हणून वाचायला बसलो आणि दोन-तीन विकेंड त्यातच गेले.

आधी त्या गाडीबद्दल. शेवरोले बीट भारतात आली जानेवारी २०१० मध्ये. मागच्या दाराचं हँडल खिडकीच्या कोपऱ्यात लपवलेलं, पुढे मोठं तोंड, आत मोटारसायकलसारखं मीटर. कॉलेजच्या वयाच्या मुलांना आवडेल अशीच ती होती. पुढच्याच वर्षी तिचं डिझेल आलं, ९३६ सीसीचं, जे त्या काळात सगळ्यात छोट्या कार-डिझेलपैकी एक होतं. मग फेब्रुवारी २०१६ च्या ऑटो एक्स्पोमध्ये जीएमने नवी बीट दाखवली आणि तिच्या शेजारी एक छोटी सेडान ठेवली, नाव इसेन्शिया. मागे डिकी जोडलेली, पण गंमत म्हणजे ती डिकी चक्क जोडल्यासारखी वाटत नव्हती (चार मीटरच्या आतल्या सेडान बघणाऱ्यांना कळेल मी काय म्हणतोय). २०१७ मध्ये येणार असं सांगितलं गेलं. लोकांनी फोटो काढले, काहींनी घरच्यांना पटवायला सुरुवातही केली असेल.

२०१७ मध्ये ती आलीच नाही. तीच सेडान पुढे २०१८ मध्ये 'बीट नॉचबॅक' या नावाने मेक्सिकोत विकायला लागली. बनली तळेगावात, ट्रेलरवर चढून मुंबई बंदरात गेली, जहाजात बसली आणि अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून मेक्सिकोच्या रस्त्यावर उतरली. स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे मनात आलं तरी तुम्ही-आम्ही ती इथं चालवू शकलो नसतो. ज्या कामगाराने तिचं दार बसवलं त्यालाही ती विकत घेता आली नसती.

एक जरा मागचा संदर्भ देतो, कारण तो मला फार मजेशीर वाटला. जीएम पहिल्यांदा भारतात आली ती १९२८ साली, मुंबईत शिवडीला. शेवरोलेचे सुटे भाग जहाजाने यायचे आणि शिवडीत जोडले जायचे. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवलं की नुसती जोडणी करायची असेल तर जागा खाली करा, इथं खरोखर उत्पादन करणार असाल तर थांबा. १९५३-५४ च्या सुमारास जीएम आणि फोर्ड दोघांनीही गाशा गुंडाळला. म्हणजे पहिल्या वेळी सुटे भाग आत यायचे आणि गाडी इथं विकली जायची, दुसऱ्या वेळी सुटे भाग इथं बनले आणि गाडी बाहेर विकली गेली.

आता पुढचा प्रश्न. बनवणाऱ्या देशाला आपलीच गाडी न मिळणं हे कधीपासून चालू आहे? शोधत गेलो तर थेट मारुती ८०० पर्यंत पोहोचलो.

डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती रस्त्यावर आली. बुकिंग उघडलं तेव्हा लाखाच्या वर लोकांनी दहा-दहा हजार रुपये आधी भरले होते. १९८३ चे दहा हजार, हं! घराघरांत तेव्हा फियाट नाहीतर अ‍ॅम्बेसेडर, आणि त्याही वर्षानुवर्षं थांबून. बाबा-काका लोकांना विचारा, गाडीचा नंबर लागला की पेढे वाटायचे. आणि देशात रांग अशी असताना १९८७ साली मारुतीने ५०० गाड्या हंगेरीला पाठवल्या. तेव्हाच्या हिशोबाने ते बरोबरच होतं. सुझुकीकडून येणाऱ्या भागांचे पैसे येनमध्ये द्यावे लागायचे, देशाकडे परकीय चलन मोजकं, त्यामुळे जी गाडी बाहेर जाईल ती चलन घेऊन येईल. रांगेतला माणूस रुपये देणार. रुपये काय, सरकार स्वतःच छापतं. डॉलर छापता येत नाहीत.

हा विचार कागदावर नियम म्हणून आला तो डिसेंबर १९९७ मध्ये. तेव्हा उदारीकरण होऊन सहा वर्षं झाली होती, देवू, ह्युंदाई, फोर्ड, होंडा सगळे येत होते. सरकारने सांगितलं की सुटे भाग आणून इथं गाडी जोडायची असेल तर आमच्याशी करार करा. किमान ५ कोटी डॉलरची गुंतवणूक, तिसऱ्या वर्षापर्यंत ५० टक्के आणि पाचव्या वर्षापर्यंत ७० टक्के भाग भारतीय, आणि शिवाय जेवढ्या किमतीचे भाग आयात कराल तेवढ्या किमतीची निर्यात करून दाखवा. अमेरिका आणि युरोप हे प्रकरण घेऊन जागतिक व्यापार संघटनेत गेले. डिसेंबर २००१ मध्ये निकाल भारताच्या विरोधात लागला. तोपर्यंत सरकारने देशी भागांची अट स्वतःच मागे घेतली होती, निर्यातीची अट मात्र ऑगस्ट २००२ मध्ये गेली.

नियम गेला पण सवय राहिली. कारण दरम्यान कंपन्यांना कळलं होतं की इथं बनवलेली छोटी गाडी बाहेर विकता येते, आणि चांगली विकता येते. सरकारनेही काठीऐवजी गाजर दाखवायला सुरुवात केली. परदेशातून यंत्रसामग्री आणा, आयात शुल्क माफ, बदल्यात जेवढं शुल्क वाचलं त्याच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करा. प्रेस लाइन, रोबो, पेंट शॉप, करोडोंची यंत्रं अशी आलेली. एकदा असं गणित अंगावर घेतलं की देशात गाडी खपो न खपो, जहाज भरलं पाहिजे.

इथपर्यंत चलन आणि कारखान्याचा हिशोब होता. आता मला जे खरं टोचतं तिकडे येतो.

ह्युंदाई आय-१० जगासमोर पहिल्यांदा आली ती भारतातच, ऑक्टोबर २००७ ला. चेन्नईजवळच्या कारखान्यातून ती इथं विकली जायची आणि युरोपलाही जायची. २००८ मध्ये युरो एनकॅपने युरोपातल्या आय-१० ला चार तारे दिले. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच गाड्यांची धडक चाचणी केली: अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय-१० आणि पोलो. पाचही गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या, खालच्या व्हर्जन घेतल्या होत्या. पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे. दोन्ही चाचण्यांचे नियम सारखे नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, त्यामुळे चारातून शून्य वजा करून काही सिद्ध होत नाही. पण युरोपच्या गिऱ्हाइकाला एअरबॅग जोडलेली गाडी मिळायची आणि इथल्या गिऱ्हाइकाला खालच्या व्हर्जनमध्ये एअरबॅगची जागा रिकामी मिळायची, यासाठी कुठल्याही चाचणीची गरज नाही. ब्रोशर पुरे होतं.

आता यात सगळा दोष कंपन्यांचा म्हणणं सोपं आहे. पण मी त्या काळातल्या घरच्या चर्चा आठवतो. "एअरबॅगचे तीस-चाळीस हजार जास्त? त्यापेक्षा अलॉय टाकू, सीट कव्हर चांगली घेऊ." हे वाक्य तुमच्याही घरात झालं असणार, खोटं बोलू नका. कंपनी तेच बनवते जे खपतं, आणि कायदा सांगत नव्हता तोवर सुरक्षा खपत नव्हती. ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली ती थेट जुलै २०१९ मध्ये. फोक्सवॅगनने मात्र त्या २०१४ च्या चाचणीनंतर लगेच पोलोच्या सगळ्या व्हर्जनमध्ये दोन एअरबॅग टाकल्या, आणि तशा पोलोला त्याच संस्थेने चार तारे दिले. गाडी तीच, रस्ता तोच. फरक दोन पिशव्यांचा.

म्हणजे 'बाहेर मिळते, इथं मिळत नाही' याचे दोन प्रकार झाले. एक, गाडीच मिळत नाही. दोन, गाडी मिळते पण त्यातला जीव वाचवणारा भाग मिळत नाही. गंमत म्हणजे पहिल्या प्रकारावर आपण जास्त हळहळतो.

हळहळायचंच असेल तर स्विफ्ट स्पोर्टवर हळहळू. २००५ मध्ये स्विफ्ट भारतात आली आणि पुण्या-मुंबईतल्या एका अख्ख्या पिढीने त्या गाडीचं काय काय केलं नाही. स्पॉयलर, मोठा एग्झॉस्ट, बॉनेटवर पट्टे. त्याच वर्षी जपानमध्ये स्विफ्ट स्पोर्ट आली, १.६ लिटरचं इंजिन घेऊन. पुढची पिढी आली, तिचीही स्पोर्ट आली. मग २०१७ ची पिढी, १.४ लिटर टर्बो आणि वजन टनाच्या आत. भारतात तिन्ही वेळा नाही. ज्या देशात स्विफ्ट वडापावसारखी खपते त्या देशात तिचं सगळ्यात चविष्ट रूप नाही!

कारण शोधायला फार लांब जायला नको, २००६ चं बजेट उघडा. पी. चिदंबरम यांनी छोट्या गाडीची व्याख्या केली. लांबी ४००० मिलिमीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. अशा गाडीवरची एक्साइज २४ वरून १६ टक्के. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल, कुठंतरी एक इफ-एल्स लिहिलं आणि मग अख्खा उद्योग त्या कंडिशनच्या आत बसायला लागला. डिझायर पहिली आली तेव्हा ४१६० मिलिमीटर होती, २०१२ मध्ये तिची शेपटी कापून ३९९५ झाली. पुढे जीएसटी आला तरी हीच व्याख्या सेसमध्ये शिल्लक राहिली, आणि सप्टेंबर २०२५ च्या बदलानंतर छोट्या गाडीला १८ टक्के आणि बाकीच्यांना ४० टक्के, म्हणजे कुंपण आणखी उंच झालं. १.४ लिटरची स्विफ्ट स्पोर्ट लांबीने आत बसते, इंजिनने बाहेर पडते. छोट्या गाडीला मोठ्या गाडीचा टॅक्स देऊन कोण घेणार? मारुतीने मधला मार्ग म्हणून २०१७ ला बलेनो आरएस आणली, १ लिटर टर्बो, कंडिशनच्या आत. कौतुक सगळ्यांनी केलं, विकत फार थोड्यांनी घेतली, २०२० मध्ये ती गुपचूप गेली. (मी तेव्हा शिकत होतो, त्यामुळे मला दोष देऊ नका.)

फोर्ड इकोस्पोर्टची कथाही याच कुंपणाची. इथं ती २०१३ मध्ये आली, लांबी चार मीटरच्या जेमतेम आत. काठावर पास. २०१८ पासून चेन्नईजवळच्या मराईमलाई नगरमध्ये बनलेली इकोस्पोर्ट अमेरिकेत विकली जाऊ लागली. तिथल्या गाडीला २ लिटरचं इंजिन आणि चारही चाकांना ताकद देणारी सिस्टिम मिळायची. लांबी चार मीटरच्या पुढे, कारण तिथं चार मीटर या आकड्याला काही अर्थच नाही. आपल्या इकोस्पोर्टच्या पाठीवर स्टेपनी होती, त्यांच्याकडे ती नव्हती. भारतात बनलेली चार चाकी-ड्राइव्ह इकोस्पोर्ट भारतात एकही विकली गेली नाही. आणि ज्यांना ती मिळाली त्या अमेरिकन समीक्षकांनी तिला नाकं मुरडली, फार छोटी म्हणे. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं सांगितलं, तरी चेन्नईचा कारखाना पुढे २०२२ च्या जुलैपर्यंत चालला. शेवटचे महिने कुणासाठी? निर्यातीच्या ऑर्डर पुऱ्या करायला.

आता सगळ्यात मोठी हळहळ, जिम्नी.

जिप्सी आपल्याला माहीत आहे. १९८५ मध्ये आली, लष्करात गेली, पोलिसांत गेली, ताडोबात गेली, आणि जवळजवळ न बदलता २०१९ पर्यंत टिकली. तिचीच बहीण म्हणजे सुझुकीची जिम्नी. जगात तिच्या पिढ्या बदलत गेल्या, आपण जिप्सीवरच थांबलो. जुलै २०१८ मध्ये जपानमध्ये नवी जिम्नी आली तेव्हा जगभर वेड लागलं. चौकोनी खोका, गोल दिवे, खाली शिडीसारखी चासी, दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल, आणि लो-रेंजचा वेगळा दांडा. जपानमध्येच वर्षभराचं वेटिंग. युरोपात प्रदूषणाच्या नियमांमुळे ती २०२० मध्ये हटवावी लागली, मग मागची सीट काढून 'मालवाहू वाहन' म्हणून परत आणली. काय काय करतात लोक एका गाडीसाठी!

फेब्रुवारी २०२० च्या ऑटो एक्स्पोत मारुतीने ती भारतात दाखवली. लोकांनी गर्दी केली. आणि जानेवारी २०२१ मध्ये बातमी आली की जिम्नीचं उत्पादन गुरुग्रामच्या कारखान्यात सुरू झालंय. मित्रांच्या ग्रुपवर एकच धमाल. पूर्ण बातमी वाचल्यावर शांतता. पहिल्या १८४ गाड्या मुंद्रा बंदरातून कोलंबिया आणि पेरूला रवाना. पुढच्या लॅटिन अमेरिका, आखात, आफ्रिका. भारतात विक्रीचं नाव नाही. दोन-अडीच वर्षं हे असंच चाललं. कोलंबियातला कुणीतरी अँडीजच्या डोंगरात आपल्या गुरुग्रामची गाडी चालवतोय आणि आपण सह्याद्रीत तिचे व्हिडिओ बघतोय.

मारुतीचं म्हणणं मला समजतं. तीन दारं, चार सीट, डिकी नावाला. भारतीय कुटुंबाला ही गाडी कशी विकणार? म्हणून त्यांनी पाच दारांची लांब जिम्नी बनवली, जानेवारी २०२३ मध्ये दाखवली आणि जूनमध्ये १२ लाख ७४ हजारांपासून विकायला काढली. लांबी ३९८५, म्हणजे चार मीटरच्या आत. पण इंजिन १४६२ सीसी पेट्रोल. इफ-एल्समध्ये परत बाहेर! त्या वेळच्या हिशोबाने छोट्या पेट्रोल गाडीला सगळं मिळून २९ टक्के आणि हिला ४५ टक्के. ऑन रोड पंधरा लाखांच्या आसपास किंवा वर. त्या पैशात शेजारी थार उभी, आणि थारचा रुबाब वेगळा.

तर ज्या गाडीसाठी पाच वर्षं उसासे टाकले ती आली, आणि आपण घेतली नाही. सहा महिन्यांत, डिसेंबर २०२३ च्या सुमारास, मारुतीला 'थंडर एडिशन' काढून सुरुवातीची किंमत १० लाख ७४ हजारांवर आणावी लागली. माझ्या ओळखीत जिम्नीवर भरभरून बोलणारे किमान आठ जण आहेत, घेतली एकाने. बाकीचे क्रेटा, नेक्सॉन आणि एक जण चक्क इनोव्हा. उसासे टाकायला पैसे पडत नाहीत आणि ईएमआयला पडतात, कंपनीवाल्यांना हे आपल्यापेक्षा आधी माहीत असतं. तीन दारांची मूळ जिम्नी भारतीय शोरूममध्ये आलीच नाही, त्यामागे हा हिशोब असणार.

तळेगावचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. निर्यातीवर चाललेला तो कारखाना डिसेंबर २०२० मध्ये थांबला. चीनच्या ग्रेट वॉल कंपनीने तो घ्यायचा करार केला होता, पण २०२० मध्ये शेजारी देशांच्या गुंतवणुकीचे नियम कडक झाले आणि परवानगी काही आली नाही. २०२२ मध्ये करार बारगळला. मधल्या मधे हजाराच्या वर कामगार अडकले. नोकरी गेली, वाद कोर्टात. चाकण-तळेगाव पट्ट्यात मेकॅनिकलचे आमचे बरेच मित्र आहेत, त्यामुळे ही गोष्ट आकड्यांपुरती राहत नाही. देशात गिऱ्हाईक नसलेल्या कारखान्याचा हा धोका असतो. मेक्सिकोतला माणूस बीट घ्यायचा थांबला किंवा डेट्रॉइटने दुसरं काही ठरवलं, की मावळातली लाइन बंद. आपण चिडून, मोर्चा काढून किंवा गाडी विकत घेऊनसुद्धा काही करू शकत नाही. शेवटी ह्युंदाईने तो कारखाना घेतला, जानेवारी २०२४ मध्ये व्यवहार पुरा झाला, आणि २०२५ मध्ये तिथून नवी व्हेन्यू बाहेर पडायला लागली. ती मात्र तळेगावकरांना विकत मिळते.

आणि जिम्नीचं? जी पाच दारांची जिम्नी आपण शोरूममध्ये उभी ठेवली, ती जानेवारी २०२५ च्या शेवटी 'नोमाड' या नावाने जपानमध्ये गेली. गुरुग्राममध्ये बनलेली, जहाजाने जपानला गेलेली. सुझुकीचा अंदाज होता महिन्याला १२०० गाड्यांचा. चार दिवसांत ५० हजारांच्या आसपास ऑर्डर आल्या आणि सुझुकीला बुकिंगच बंद करावं लागलं.